एलोजी, एलिजा, इलियास आणि एला

बातमी आली तेव्हा मी बारडोलीला भाचीकडे होते. सकाळचा चहा नुकताच झाला होता. प्रशांतचा, माझ्या मुलाचा, फोन आला. "आई, थळकर काका गेले." मी विचारलं, "कुठे?" तो हळू म्हणाला, "आई, गेले." तरीही माझं समाधान होईना. मी म्हटलं, नक्की आपलेच का, नीट चौकशी कर, दुसरे कोणी असतील. तो चिडला. त्यांच्या उशाशीच उभा आहे, आणखी काय चौकशी करू, म्हणाला. त्याचं चिडणं बरोबर होतं, पण माझं विचारणंही काही वेडेपणाचं नव्हतं. कारण आमच्या वरच्या मजल्यावर राहणारे थळकर याआधी एकदा मेले होते. सुरतेत लिंबायतमध्ये इलियासभाई नावाचे एक डाइंग मास्तर, म्हणजे कापड रंगवणारे, होते, ते गेले, आणि गिरणीत बातमी पसरली ती आमच्या थळकरांची. कारण गिरणीत यांनाही सगळे इलियासभाईच म्हणायचे. दुपारपर्यंत चार-पाच कामगार झेंडूचा हार घेऊन वरच्या दारात. दार उघडलं ते खुद्द थळकरांनी, बनियनवर, हातात चहाची गाळणी. हार बघून विचारतात, "कुणासाठी रे?" पोरांनी हार पाठीमागे लपवला. मग थळकरांनी सगळ्यांना आत बोलावून चहा पाजला, मेलेल्या माणसाची चौकशी केली आणि म्हणाले, बिचारा माझ्या वाटणीचं मरण घेऊन गेला. तर असा मेलेला माणूस चहा पाजताना मी माझ्या डोळ्यांनी पाहिलेला. या वेळी मात्र रिक्षातून उतरले तेव्हा वरच्या जिन्याखाली चपलांचा ढीग होता, आणि त्यांत थळकरांच्या चपला नेहमीसारख्या भिंतीला टेकून नीट लावलेल्या होत्या.

मी जात्याच संशयी. हे मी लपवत नाही, लपवलं तरी आमच्या सोसायटीत कोणाचा विश्वास बसणार नाही. लिंबायतच्या मराठी शाळेत उभा जन्म शिकवण्यात गेला. धुळे, नंदुरबार, अमळनेर सोडून पॉवरलूमवर पोट भरायला आलेल्या लोकांची मुलं. हजेरी घेता घेता माझी एक विद्याच तयार झाली होती, की नुसतं नाव सांगा, पोराचं गाव, घर आणि जन्माचा काळ मी सांगते. नोकरीला लागले तेव्हा वर्गात सुरेश, रमेश, भटू, दगडू. मग संदीप आणि सचिन आले. मग बाकाबाकावर एकेक राहुल. नंतर कधीतरी सगळे रोहित झाले, मग आर्यन, आणि मी निवृत्त व्हायच्या सुमाराला अशी नावं यायला लागली की दाखल करायला आलेला बापच उच्चारताना अडखळायचा. नावं अशी येतात आणि जातात. भटू मात्र गेला तो परत आला नाही. या माझ्या विद्येला आयुष्यात एकाच माणसाने चकवलं, आणि तो माणूस माझ्याच घरात वर राहत होता.

आमचं उधन्याला रो हाउस आहे, वर दोन खोल्या. यजमान तेव्हा होते. एका रविवारी ते एका सडसडीत, गोऱ्या, घाऱ्या डोळ्यांच्या माणसाला घेऊन आले. मुंबईच्या गिरण्या बंद पडल्यावर इकडे आलेले, पांडेसऱ्याच्या एका प्रोसेस हाउसात डाइंग मास्तर, पत्नी वारलेली, मुलगी लग्न होऊन परदेशात. मूळचे अलिबागकडचे. बोलणं स्वच्छ मराठी, किंचित कोकणी हेल. नाव ई. एस. थळकर. मी लगेच विचारलं, "ई म्हणजे काय?" तर म्हणाले, "ईश्वराचा ई समजा, बाई." त्या ‘समजा’ने माझ्या डोक्यात भुंगा सोडला. स्वतःच्या नावाविषयी ‘समजा’ कोण म्हणतं? ईश्वरलाल तर ईश्वरलाल, ईश्वरदास तर ईश्वरदास! यजमानांना मी आत बोलावून म्हटलं, माणूस काहीतरी लपवतोय. ते म्हणाले, तू स्वतःच्या सावलीकडेही रेशन कार्ड मागशील. आणि थळकर राहायला आले.

त्यानंतर मी पाळत ठेवली असं म्हणणार नाही, पण जिना माझ्या स्वयंपाकघराच्या खिडकीवरून जातो, त्याला मी काय करणार? कुरियरवाला आला की ओरडायचा, "एलिजा कोण आहे?" गिरणीतली पोरं खालून हाका मारायची, "इलियासभाई!" मुंबईहून बहीण आली, ती जिन्यातूनच "एलू, ए एलू" करत वर गेली. तीन नावं झाली. त्यात शुक्रवारी संध्याकाळी हे खिडकीत काचेच्या पेल्यात तेलाचा दिवा लावणार. शनिवारी गिरणी चालू असली तरी कामाला जाणार नाहीत, त्याऐवजी रविवारी जातील. मासेवालीकडून खवल्यांचाच मासा घेणार, कोळंबीला हात लावणार नाहीत. मटण केलं त्या दिवशी दूध-दही बंद. मी आधी ठरवलं, हा फरारी असावा. मग वाटलं, दोन घरं असतील, इकडे एक नाव आणि तिकडे दुसरं. मग म्हटलं, गुप्त पोलीस असेल, पण पोलीस शनिवारी सुट्टी कशाला घेईल? एक धागा जुळवावा तर दुसरा सुटायचा. आणि मग एके दिवशी धोतर-टोपीतले एक अगदी म्हातारे गृहस्थ गल्लीत उभे राहून हाका मारायला लागले, "एलोजी! अरे एलोजी!" थळकर अनवाणी धावत खाली आले आणि त्यांच्या पाया पडले. चौथं नाव! मी खिडकीतून बाजूला झाले ती सरळ जिन्याशी जाऊन उभी राहिले.

म्हातारबुवा कोकणात परत गेल्यावर मी थळकरांना गाठलं आणि सरळ विचारलं की एका माणसाला इतकी नावं कशाला लागतात. ते पायरीवर बसले आणि खूप हसले. हसणं थांबल्यावर म्हणाले, "बाई, नाव एकच आहे. बोलावणारे वेगळे." मग त्यांनी सांगितलं. ते बेने इस्राएल, म्हणजे कोकणातले ज्यू. फार पूर्वी कधीतरी त्यांच्या पूर्वजांचं गलबत कोकणच्या किनाऱ्यावर फुटलं, वाचले ते तिथेच राहिले, तेलाचे घाणे चालवायला लागले, आणि तिथलेच झाले. मूळ नाव हिब्रू, एलियाहू. ‘एली’ म्हणजे माझा देव, ‘याहू’ हे त्या देवाचंच नाव. कोकणातल्या जिभेला एलियाहू जड, तिने केलं एलोजी. अब्राहमचा जसा आबाजी झाला, तसाच. इंग्रजी शाळेत मास्तरने लिहिलं एलिजा. गिरणीत कोणाला एलिजा ठाऊक नाही, इलियास ठाऊक, म्हणून इलियास. आई म्हणायची एला, बहीण एलू. "आणि ईश्वराचा ई म्हणालो ते खोटं नव्हतं," ते म्हणाले, "अर्थ तोच आहे." तरी माझी पुरती खात्री पटली नाही. त्यात ते पुढे म्हणाले की आम्ही शनिवारी घाणा बंद ठेवायचो म्हणून गावात आम्हाला शनवार तेली म्हणत, आणि तुम्ही चौधरी, खानदेशातले तेली, म्हणजे तुम्ही सोमवारवाले, आपण एकाच धंद्यातले. आता अमळनेरला माझ्या आजेसासऱ्यांचा घाणा सोमवारी बंद असायचा, हे मी सुरतेत कोणालाही सांगितलेलं नव्हतं. याला कसं कळलं? यजमान म्हणाले, अगं, तेल्यांची ती रीतच होती, त्याला माहीत असणार. पण मला वाटत राहिलं की हा माणूस उगाच नातं जोडायला बघतोय.

त्यांच्या नावाची सुरतेने जी गंमत केली ती मात्र दुसऱ्या कुठल्या गावात झाली नसती. इथे काठियावाडी लोक भरपूर, हिऱ्यांच्या कारखान्यांतले. आपण जसं ‘अरे’ म्हणतो तसं ते ‘एला’ म्हणतात. कोणी कोणाला लांबून हाक मारणार, "एला, आंय आव!", म्हणजे अरे, इकडे ये, की थळकर पाठमोरे असतील तिथे थांबणार आणि वळून "ओ" म्हणणार. आईची हाक कानात बसलेली ना. बाजारात, बसस्टॉपवर, दवाखान्यात, कुठेही. पहिल्यांदा मी त्यांच्याबरोबर भाजीला गेले तेव्हा इतक्या अनोळखी माणसांना हे का ओळख देतात म्हणून माझा संशय चांगलाच बळावला होता. इतकी वर्षं इथे काढून तरी सवय मोडायला हवी होती, पण नाही मोडली. मी रागावले की म्हणायचे, असू द्या बाई, दिवसातून दहा वेळा आई हाक मारते, वाईट काय आहे त्यात?

या हसण्याच्या तळाशी काय होतं ते कळायला मला बराच काळ लागला. आमच्याकडे येण्याआधी त्यांना सुरतेत घर मिळत नव्हतं. एका सोसायटीत इलियास ऐकून जिन्यातूनच परत पाठवलं. दुसऱ्या ठिकाणी एलिजा सांगितलं तर विचारलं, ख्रिस्ती का? नाही म्हटलं, तर मग कोण? ज्यू म्हणजे काय हे समजावता समजावता घरमालकाचा चेहरा असा व्हायचा की थळकर स्वतःच उठून यायचे. शेवटी त्यांनी पहिलं नाव मिटवून नुसतं ई केलं आणि थळकर पुढे केलं. हे सगळं त्यांनी एकदा गंमत सांगावी तसं सांगितलं. मी हसले नाही. मीही पहिला प्रश्न तोच विचारला होता, आणि आज कोणी दारात उभं राहिलं तर आजही तोच विचारीन. नाव ऐकल्याशिवाय आपल्याला माणूस दिसतच नाही, खोटं कशाला बोला.

वरच्या खोलीत शिसवी लाकडाची एक खुर्ची होती. चांगली रुंद, बसायला वेताची. तिच्यावर ते स्वतः बसत नसत, दुसऱ्याला बसू देत नसत. दुपारी मी पापड वाळत घालायला गच्चीवर जाता-येता बघायची, ते चटईवर आणि खुर्ची रिकामी. मी एकदा मुद्दाम बसायला गेले तर त्यांनी चटकन स्टूल पुढे केलं. कोणाची म्हणून विचारलं तर म्हणाले, "माझ्या नावाची." मग कळलं की त्यांच्यातला पहिला एलिया, तो संत, मेला नाहीच म्हणे, अग्नीच्या रथातून सदेह वर गेला; आणि त्यांच्यात कोणा तान्ह्या मुलाचं स्वागत असलं की तो हजर असतो, म्हणून त्याच्यासाठी एक खुर्ची मांडून ठेवायची. आजोबा एलोजी, त्यांच्या नावावरून हे. दोघांनाही याच खुर्चीत ठेवून नाव दिलेलं. त्याच संताच्या नावाने ते नवसाचा मलिदा करायचे, म्हणजे भिजवलेले पोहे, ओलं खोबरं, साखर, वेलची, वर केळी आणि खजूर. पहिल्यांदा ताट खाली आलं तेव्हा मला वाटलं, मंतरलेलं असलं तर? मी आधी यजमानांना खायला दिलं. त्यांना संध्याकाळपर्यंत काही झालं नाही, मग मी खाल्लं. आता खोटं कशाला सांगू, नंतर मीच विचारायला लागले, मलिदा कधी करताय म्हणून.

यजमान गेले तेव्हा थळकर दहा दिवस आमच्या ओसरीवर बसून होते. तेव्हापासून माझा संशय जरा मऊ झाला होता. ते संध्याकाळी खाली येऊन बसायचे, मी निवडणं-टिपणं करायची. एकदा त्यांच्या मुलीला, रिबाला, तिकडे इस्राएलमध्ये मुलगा झाला. मी पेढे मागितले. त्यांनी दिले, पण चेहरा काही पेढ्यांचा नव्हता. नाव काय ठेवलं विचारलं तर म्हणाले, "अमित." मी म्हटलं, अरे वा, हे तर आपलंच नाव! माझ्या एका वर्गात तीन अमित होते. ते म्हणाले, हिब्रूतही आहे ते, त्याचा अर्थ मित्र. आजोबाचं नाव नातवाला द्यायची त्यांच्यात रीत. पण तिकडच्या तरुण आईबापांना आजोबांची नावं जुनाट वाटतात, त्यांना छोटी, नवी, टवटवीत नावं हवीत. "आमच्या गावात दर तिसऱ्या घरात एक एलोजी होता, बाई," ते म्हणाले. "चावडीवर हाक मारली की चार जण ओ द्यायचे. आता मी एकटा ओ देतो, तेही काठियावाडी लोकांच्या हाकेला." मुलीवर त्यांचा राग नव्हता. पण त्या दिवसापासून ती खुर्ची त्यांनी चादर घालून झाकून ठेवली, आणि हा माणूस आतून खचलाय हे मला दिसलं.

मग आमच्याकडे नातू झाला. पत्रिका केली, जोशीबुवांनी कृत्तिका नक्षत्र सांगितलं आणि अक्षर काढलं ‘ए’. घरात सगळे ‘ए’ला लागले. एकनाथ, एकलव्य, पुढे गाडी जाईना. माझी सून निकिता सुरतेतच वाढलेली, तिचं निम्मं बोलणं गुजराती. ती फोनमध्ये बोट फिरवत होती, एकदम सापडलं म्हणून ओरडली, "मम्मी, मळी गयू! एलिया. एकदम मस्त छे." मी कपाळावर हात मारला. फोनमध्ये लिहिलं होतं, मूळ संस्कृत, अर्थ तेजस्वी. मी म्हटलं, संस्कृतमध्ये एला म्हणजे वेलची, पोराचं नाव वेलची ठेवणार आहेस का? शेजारणीने विचारलं, मुलीचं ना हे? पण निकिता हटेना. बाहेरच्या देशांत एलिजा म्हणे आता सगळ्यात जास्त चालतं, तिच्या एका मैत्रिणीने मुलाचं नाव नोआ ठेवलंय, दुसरीने इथान. मी ऐकत राहिले. ही तर सगळी थळकरांच्या गोतातली नावं! त्यांच्या घरातून निघून गेलेली नावं जगभर हिंडून आमच्या सुरतेच्या अपार्टमेंटांत उतरत होती, आणि ज्यांची होती त्यांच्या घरी अमित. आणि नेमकं आमच्याच घरी, नेमकं ‘ए’? मला दुसरी शंका येणं शक्यच नव्हतं. थळकरांनी सुनेचे कान भरले, किंवा जोशीबुवांना फितवलं, किंवा दोन्ही. मी जोशीबुवांना फोन करून नक्षत्र पुन्हा तपासायला लावलं. पुन्हा कृत्तिकाच. मी घरात जाहीर केलं, हे नाव ठेवायचं नाही.

बारशाच्या आधी एका संध्याकाळी थळकर खाली आले. नेहमीसारखे ओसरीवर बसले नाहीत, दाराची चौकट धरून उभे राहिले. हात थरथरत होता. म्हणाले, "बाई, हे नाव ठेवू नका."

मी म्हटलं, "का? तुमचं आहे म्हणून?"

"माझं आहे म्हणूनच सांगतो." मग त्यांनी ती घरं एकेक करून पुन्हा सांगितली, जिना, दार, विचारणारा माणूस, पण या वेळी गंमत म्हणून नाही. "मी थळकर पुढे करून निभावलं. हा चौधरी. चौधरी आणि एलिया… शाळेत विचारतील, घर बघायला गेला की विचारतील, मुलगी बघायला गेला की विचारतील, हे काय प्रकरण आहे? त्याने आयुष्यभर तेच सांगत बसायचं का? एकनाथ ठेवा. चांगलं नाव आहे."

आता माझा स्वभाव सगळ्यांना ठाऊक आहे. तोपर्यंत मीच नको म्हणत होते, पण दुसरा कोणी मला नको म्हणाला की माझ्या अंगाची आग होते. आणि खरं सांगायचं तर त्या घरमालकांचाही राग आला. माझ्या नातवाला कोण विचारतो ते मी बघते! मी म्हटलं, "आमच्या पोराने काय नाव लावायचं ते वरच्या मजल्यावरून ठरणार नाही. एलिया म्हणजे एलिया." ते काही तरी बोलायला गेले, मी दार लोटलं. निकिता आत नाचत होती.

बारशाच्या सकाळी पाळण्याशेजारी ती खुर्ची मांडलेली. पुसून लख्ख, वेत नवा. कोणी आणली विचारलं तर प्रशांत म्हणाला, काकांनी सांगितलं म्हणून मीच उतरवली. मी डोळे वटारले, पण पाहुण्यांसमोर काय बोलणार? पोराला आधी घडीभर गादी घालून तिच्यावर ठेवलं, मग पाळण्यात. आत्याने कानात कुर्र केलं आणि मोठ्याने नाव सांगितलं, "एलिया!" आणि मागून, दाराजवळून, आवाज आला, "ओ." थळकर. सगळे हसले. त्यांनाही हसू आलं आणि मग ते भिंतीकडे तोंड करून उभे राहिले. खुर्ची त्यानंतर वर गेलीच नाही. मी विचारलं तर म्हणाले, आता ती तिच्या माणसाजवळ आहे, राहू द्या.

पुढची दोन वर्षं त्यांचा सगळा दिवस त्या पोराभोवती. निवृत्तीनंतर इच्छापोरच्या एका गिरणीत कंत्राटावर जायचे तेही बंद केलं. आम्ही पोराला लाडाने एलू म्हणायचो, एला म्हणायचो, तर ते दटावायचे, पूर्ण नावाने हाक मारा, नाहीतर माझ्यासारखा गल्लीत वळत बसेल. आणि स्वतः मात्र एलाच म्हणायचे. झोपेत गेले ते. सकाळी चहाचं भांडं वाजलं नाही म्हणून प्रशांत वर गेला. मुंबईहून बहिणीचे मुलगे आले आणि त्यांना गावी घेऊन गेले, आजोबा एलोजींच्या शेजारी जागा होती म्हणे. रिबाचा फोन आला. रडत रडत, पण स्वच्छ मराठीत म्हणाली, मावशी, खुर्ची तुमच्याकडेच राहू द्या, बाबांनी सांगून ठेवलंय. मी बरं म्हटलं. फोन ठेवला आणि माझ्याच्याने भाजी चिरवेना. इतकी वर्षं ज्या माणसावर नजर ठेवली तो गेला की नजरेला काही कामच उरत नाही.

परवा खुर्चीची पट्टी खिळखिळी झाली. बसणाऱ्याच्या पोटाशी येते अशी एक आडवी पट्टी तिला आहे, काढता-घालता येणारी. पोरगं बसतं आणि ती धरून हलवत राहतं. मी लिंबायतहून रवी सुताराला बोलावलं, माझा जुना विद्यार्थी. खुर्ची बघून म्हणाला, "बाई, ही पट्टी मीच केलेली आहे ना." मी म्हटलं, काहीतरी काय, खुर्ची जुनी आहे, त्यांच्या आजोबांच्या वेळची. तो म्हणाला, "खुर्ची जुनी, पट्टी नवी. वेतही मीच भरून आणला. मी खोटं बोलू राहिलो का?" मी विचारलं, कधी केलीस? तर म्हणाला, तुमच्याकडे बाळ झालं आणि ते ‘ए’ अक्षर निघालं ना, त्याच्या दुसऱ्या दिवशीच काकांनी बोलावलं. पोरगं बसायला लागलं की पुढे पडायला नको, म्हणून पट्टी कर म्हणाले. मी हातातलं सूप खाली ठेवलं. म्हणजे दाराची चौकट धरून, हात थरथरवत, एकनाथ ठेवा म्हणाले, त्याच्याही आधी! मी म्हटलं, रवी, नीट आठव, ते आणखी काय म्हणाले? तो जरा घुटमळला. मग खाली मान घालून म्हणाला, "पट्टी बसवली त्या दिवशी म्हणाले, बाई नको म्हणू राहिल्या आहेत. आता मी जाऊन नको म्हणतो, मग बघ."

मी म्हटलं नव्हतं? पहिल्या दिवसापासून म्हणत होते, माणूस काहीतरी लपवतोय! यजमान असते तर त्यांना हलवून सांगितलं असतं. मी इतकी हसले की रवी घाबरला, आणि हसता हसता पदर डोळ्यांना लावून बसले ती उठेचना. आयुष्यात माझी एक शंका पूर्णपणे खरी निघाली, आणि ती ज्याला जाऊन सुनवावी तो माणूस नाही. पण त्या संध्याकाळचा तो हात… तो काही नाटकातला नव्हता. घरं नाकारलेली खरी होती, पोराबद्दलची भीती खरी होती, आणि नाव उरावं ही इच्छाही खरी होती. स्वतःहून मागायचं धाडस झालं नसेल, आणि नको म्हणताना जीव तुटला असेल. म्हणून नको म्हणायचं काम त्यांनी केलं आणि हो म्हणायचं माझ्यावर सोपवलं.

रवीने पट्टी घट्ट करून दिली. पोराला मी खुर्चीत बसवलं, हातात केळं दिलं. दार उघडंच होतं. बाहेर गल्लीत कोणी टेम्पोवाला दुसऱ्याला हाक मारत होता, "एला, आंय आव!" सवयीने माझी मान जिन्याकडे वळली. जिना रिकामा. आणि माझ्या मागून, खुर्चीतून, केळ्याने भरलेल्या तोंडाने आवाज आला, "ओ."